वाचक विचारतात : जीपीएस दगा देतं तेव्हा

दिल्ली विमानतळाच्या परिसरात नोव्हेंबर २०२५ मध्ये विमानांना खोटे जीपीएस संकेत मिळाले. डिसेंबरच्या सुरुवातीला सरकारने संसदेत मुंबई, कोलकाता, अमृतसर, हैदराबाद, बेंगळुरू, चेन्नई अशी इतरही नावं सांगितली. तेव्हापासून ठाणे, ऐरोली, कळंबोली, उलवे आणि उरणहून या विषयावर बरीच पत्रं आली. विमान वाहतूक, वीज-दूरसंचार आणि नौकानयन या क्षेत्रांत काम करणाऱ्या जाणकारांकडून घेतलेली उत्तरं इथे देत आहोत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : घोडबंदर रोडवर माझी गाडी नकाशावर कधी सर्व्हिस रोडवर दिसते, कधी शेजारच्या सोसायटीत. शत्रूदेश मुंबई-ठाण्यावर जॅमिंग करतोय असे मेसेज फिरतात. हे तेच आहे का? (एक वाचक, मानपाडा)

नाही. घोडबंदर रोडला दोन्ही बाजूंनी तीस-चाळीस मजली इमारती आहेत आणि मधोमध मेट्रो चारचा उन्नत मार्ग आहे. उपग्रहाचा संकेत काचेवर, काँक्रीटवर आपटून उशिरा फोनपर्यंत पोहोचतो. प्रकाशाला, म्हणजे रेडिओ लहरींनाही, एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाता येतं. त्यामुळे परावर्तनामुळे एक दशांश मायक्रोसेकंद जरी उशीर झाला, तरी त्या उपग्रहाचं अंतर ३० मीटरने चुकतं. सर्व्हिस रोडवर ढकलायला तेवढं पुरतं.

खात्री करायची असेल तर अँड्रॉइड फोनवर 'जीपीएसटेस्ट' हे अ‍ॅप घ्या. त्यात प्रत्येक उपग्रहासमोर संकेताची ताकद डेसिबल-हर्ट्झमध्ये दिसते. उपवन तलावाच्या काठी, मोकळ्या आकाशाखाली बरेच उपग्रह ३५ ते ४५ दाखवतील. इमारतींच्या गर्दीत काही ४० आणि काही १५-२० असे विस्कळीत आकडे येतात. हे परावर्तन. जॅमिंगमध्ये, म्हणजे कुणी त्याच वारंवारतेवर गोंगाट करून संकेत दाबतं तेव्हा, चित्र वेगळं असतं : सगळ्याच उपग्रहांचे आकडे काही सेकंदांत एकदम कोसळतात, आणि तेही मोकळ्या मैदानात. खोट्या संकेतात याच्या उलट घडतं. सगळे उपग्रह जवळपास सारख्याच ताकदीचे दिसतात, कारण ते सगळे एकाच अँटेनातून आलेले असतात. सोबत फोनची जीपीएस वेळ किंवा समुद्रसपाटीपासूनची उंची अचानक उडी मारते.

प्रश्न : एवढी अब्जावधींची व्यवस्था इतक्या सहज कशी बिघडते? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, वाशी)

अंतरामुळे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. १५७५.४२ मेगाहर्ट्झवरचा त्यांचा नागरी संकेत जमिनीवर पोहोचतो तेव्हा साधारण उणे १२८.५ डीबीएम (संकेताच्या ताकदीचं एकक) इतका उरतो. वॉटमध्ये लिहायचं तर दशांशचिन्हानंतर पंधरा शून्यं आणि मग पहिला आकडा. आता गणित करून पाहा. त्याच वारंवारतेवर फक्त एक वॉट सोडणारं यंत्र मोकळ्यावर एक किलोमीटर दूर असेल, तर वाटेत सुमारे ९६ डेसिबल घट होऊन त्याचा संकेत उणे ६६ डीबीएमने पोहोचतो. फरक ६२ डेसिबल. म्हणजे उपग्रहापेक्षा सुमारे १६ लाख पट जोरात. खारेगावच्या ट्रॅफिकमध्ये हॉर्न वाजत असताना पलीकडच्या फुटपाथवरची कुजबुज ऐकावी, असं काम रिसीव्हरला करावं लागतं.

जॅमिंगमध्ये कुजबुज ऐकूच येत नाही. रिसीव्हर 'संकेत नाही' म्हणतो आणि निदान खोटं तरी बोलत नाही. स्पूफिंगमध्ये कुणीतरी तीच कुजबुज हुबेहूब काढून चुकीचं ठिकाण सांगतो आणि रिसीव्हर आत्मविश्वासाने ते दाखवतो. नागरी संकेताची रचना जाहीर असते आणि जीपीएसच्या नागरी संकेतावर सहीसारखी खूण नसते, म्हणून हे शक्य होतं. युरोपच्या गॅलिलिओने नागरी संकेतावर अशी खूण देण्याची सेवा जुलै २०२५ मध्ये अधिकृतपणे सुरू केली. तिचा फायदा ती तपासू शकणाऱ्या रिसीव्हरलाच मिळतो, आणि जॅमिंगपुढे तिचा काही उपयोग नाही.

प्रश्न : नवी मुंबई विमानतळ आमच्या दारात आला. जीपीएस गेलं तर विमान उतरणार कसं? इथे डोंगरही जवळ आहेत. (उलवे, तरघर आणि पनवेलहून आलेली पत्रं)

उतरण्याचं मुख्य साधन जीपीएस नाही, हे आधी सांगायला हवं. ३,७०० मीटरच्या धावपट्टीसाठी आयएलएस, म्हणजे जमिनीवरून उतरण्याची वाट दाखवणारी रेडिओ यंत्रणा, आहे. त्यात दोन रेडिओ संकेत असतात. १०८ ते ११२ मेगाहर्ट्झमधला एक धावपट्टीची मध्यरेषा दाखवतो. ३३० मेगाहर्ट्झच्या आसपासचा दुसरा उताराचा कोन दाखवतो, तो साधारण तीन अंश असतो. दोन्हींचे अँटेना जमिनीवर, धावपट्टीजवळ उभे असतात, आणि विमान काही किलोमीटरवरून ऐकत असल्याने संकेत दणकट असतो. १५७५ मेगाहर्ट्झवरच्या गोंधळाचा त्यावर काही परिणाम होत नाही. वाटेत अंतर मोजायला डीएमई आणि दिशेला व्हीओआर ही जमिनीवरची केंद्रं असतात. दोन डीएमईंची अंतरं मिळाली की विमानातला संगणक आपलं स्थान काढतो. शिवाय विमानात जायरो असलेली जडत्व प्रणाली असते. तिला बाहेरून काहीच ऐकावं लागत नाही, पण चूक साचत जाते, आणि तासाला साधारण दोन सागरी मैलांपर्यंतची घसरण गृहीत धरली जाते. मुंबई-दिल्ली दोन तासांच्या उड्डाणात हे चालतं. धावपट्टीवर उतरायला पुरत नाही.

खरा त्रास खोट्या संकेतात होतो. विमानातली बरीच उपकरणं जीपीएसवर विश्वास ठेवून चालतात. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी प्रणाली स्थान आणि डोंगरांचा नकाशा जुळवून बोलते. स्थान खोटं असेल तर मोकळ्या आकाशात ती 'पुल अप' ओरडते. त्याहून वाईट म्हणजे हा आवाज खोटाच असतो अशी सवय वैमानिकाला लागते. कर्नाळा-माथेरानच्या बाजूने येणाऱ्यासाठी ही सवय जीवघेणी. दुसरं, विमान स्वतःचं स्थान प्रसारित करतं तेही चुकीचं जातं, त्यामुळे नियंत्रकाला जमिनीवरच्या रडारवर अवलंबून राहावं लागतं. तिसरं, जडत्व प्रणाली जीपीएसशी जोडलेली असेल तर खोटं स्थान तिच्यातही झिरपतं, आणि संकेत पुन्हा नीट झाल्यावरही उरलेल्या उड्डाणात चूक राहते. म्हणूनच गडबडीचा भाग येण्याआधी वैमानिक स्थानाच्या गणितातून जीपीएस वगळतात, मनगटी घड्याळ विमानाच्या घड्याळाशी ताडून पाहतात आणि भाग ओलांडल्यावर एकेक उपकरण तपासून परत जोडतात.

दिल्लीच्या प्रसंगातून घ्यायचा धडा देखभालीचा आहे. त्या सुमारास तिथल्या एका मुख्य धावपट्टीचं आयएलएस अद्ययावत करण्यासाठी बंद होतं. त्यामुळे विमानांना उपग्रहावर आधारित मार्गाने उतरावं लागत होतं, आणि नेमका तोच मार्ग बिघडला. पर्याय कागदावर असतो आणि गरजेच्या दिवशी दुरुस्तीला गेलेला असतो. नवी मुंबईला सध्या एकच धावपट्टी चालू आहे. इथे आयएलएसची कॅलिब्रेशन तपासणी, सुटे भाग आणि बंद ठेवण्याच्या तारखा ठरवताना त्या दिवशी जीपीएस गेलं तर काय, हा प्रश्न आधी विचारला गेला पाहिजे. शेजारचं सांताक्रूझ सुरू आहे, एवढं उत्तर पुरेसं नाही. दोन्ही विमानतळ एकाच गोंधळाच्या टप्प्यात येऊ शकतात.

नागरी उड्डाण नियामक डीजीसीएने नोव्हेंबर २०२३ मध्ये या विषयावर परिपत्रक काढलं. दिल्लीच्या प्रसंगानंतर अशी घटना दहा मिनिटांच्या आत कळवायची सक्ती केली. जुन्या जमिनीवरच्या केंद्रांचं किमान जाळं चालू ठेवण्याचं धोरणही सरकारने संसदेत सांगितलं आहे. हे धोरण टिकवायला हवं, कारण व्हीओआर-डीएमईची केंद्रं 'कालबाह्य' म्हणून खर्चकपातीत पहिली बळी जातात.

एका वाचकाने गगनबद्दल विचारलं आहे. गगन ही आपली उत्तम प्रणाली आहे. विमानतळ प्राधिकरण (एएआय) आणि इस्रोने ती उभारली, आणि २८ एप्रिल २०२२ रोजी किशनगडला तिच्या आधाराने प्रवासी विमान उतरलं. पण गगन जीपीएसच्या चुका दुरुस्त करते आणि त्याच पट्ट्यात बोलते. जीपीएस दाबलं की गगनही दबते.

प्रश्न : हे जॅमिंग नक्की पाकिस्तान-चीनच करतात ना? (एक वाचक, कोपरी)

नेहमी नाही. ड्रोन थांबवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे त्याचं उपग्रह दिशादर्शन तोडणं, त्यामुळे तणावाच्या काळात सीमेच्या दोन्ही बाजूंना हे केलं जातं. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूजवळ, अशा ४६५ घटनांची नोंद झाल्याचं नागरी उड्डाण राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी लोकसभेत सांगितलं होतं. आपल्या संरक्षणासाठी उठवलेल्या लहरी आपल्याच नागरी विमानांनाही लागतात, याचा हिशेब सज्जतेत धरावाच लागतो.

प्रश्न : माझे आठ ट्रेलर जेएनपीएला कंटेनर नेतात. दोन गाड्या अधूनमधून अर्धा तास 'गायब' होतात, एकदा तर नकाशावर आफ्रिकेजवळ समुद्रात दिसली. यंत्र बदललं, फरक नाही. ड्रायव्हर जीपीएस ब्लॉकर लावतो का, ते कसं ओळखायचं? (ट्रक मालक, कळंबोली)

आफ्रिकेचं कोडं सोपं आहे. शून्य अक्षांश, शून्य रेखांश हा बिंदू गिनीच्या आखातात पडतो. स्थान मिळालं नाही की काही यंत्रं रकान्यात शून्य भरून पाठवतात आणि सॉफ्टवेअर गाडी तिथे नेऊन ठेवतं. पुरवठादाराला सांगा की अशा नोंदी नकाशावर न दाखवता 'स्थान नाही' म्हणून दाखव.

आता गायब होण्याचं. ड्रायव्हरला बोल लावण्याआधी पुरवठादाराकडून त्या अर्ध्या तासाची कच्ची नोंद मागा. नकाशा नको, तक्ता हवा. त्यात चार रकाने शेजारी ठेवून पाहा : वापरलेले उपग्रह, मोबाइल नेटवर्कची ताकद, बॅटरीचा व्होल्टेज, इग्निशन. व्होल्टेज शून्य होऊन यंत्र आतल्या बॅटरीवर गेलं असेल तर वायर सैल आहे किंवा काढली आहे. नेटवर्क पडलं असेल तर नोंदी नंतर एकदम येतात, त्यात स्थान बरोबर असतं, म्हणजे कुणाचाच दोष नाही. उपग्रह शून्य झाले पण नेटवर्क आणि व्होल्टेज ठणठणीत असतील, तर जागा पाहा. दरवेळी तीच जागा आणि ड्रायव्हर कुणीही, तर कारण जागेत आहे : पत्र्याची शेड, कंटेनरच्या थप्प्या, पुलाखालची रांग. जागा दरवेळी वेगळी, मोकळा रस्ता, पण ड्रायव्हर तोच, आणि बारा उपग्रहांवरून काही सेकंदांत शून्य, तर ब्लॉकरचा संशय रास्त आहे.

तरीही आधी केबिन तपासा. स्वस्त मोबाइल चार्जर, डॅशकॅम, चिनी एलईडी पट्ट्या यांच्या आतल्या सर्किटमधून १५७५ मेगाहर्ट्झच्या आसपास कचरा बाहेर पडतो, आणि ड्रायव्हरला त्याची कल्पनाही नसते. गाडी यार्डात मोकळ्या जागी उभी करा, सिगारेट लायटरच्या सॉकेटमधलं सगळं काढा, फोनवर जीपीएसटेस्ट लावून डॅशबोर्डवर ठेवा आणि पाच-सहा उपग्रहांचे आकडे लिहून घ्या. मग एकेक वस्तू लावत जा. एखादी वस्तू लावताच सगळे आकडे दहा डेसिबलहून जास्त पडले, तर दोषी सापडला. ती फेकून द्या. यंत्राचा अँटेनाही पाहा. चौकोनी पॅचची तोंडाची बाजू आकाशाकडे हवी. बसवणारे घाईत तो उलटा चिकटवतात किंवा डॅशबोर्डखालच्या लोखंडी पट्टीला बांधतात. काचेवर धातूचा थर असलेली उष्णतारोधक फिल्म असेल तरी संकेत निम्म्याहून खाली येतो. यंत्र बदलून फरक पडला नाही याचा अर्थ बहुधा हाच, की नवं यंत्र जुन्याच जागी बसलं.

ब्लॉकर सापडलाच, तर विषय फक्त तुमच्या डिझेलचा नाही. दूरसंचार विभागाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे की सरकारच्या खास परवानगीशिवाय जॅमर किंवा जीपीएस ब्लॉकर वापरणं बेकायदा आहे. खाजगी व्यक्तीने ते विकत घेणं किंवा ऑनलाइन विकणंही चालत नाही. अमेरिकेत नेवार्क विमानतळाजवळच्या रस्त्यावरून ये-जा करणाऱ्या एका चालकाच्या अशाच खिशाएवढ्या यंत्राने विमानतळाच्या उपग्रहाधारित उतरण्याच्या प्रणालीत अडथळा आणला होता. त्याला सुमारे ३२ हजार डॉलर दंडाची नोटीस निघाली. कळंबोली ते जेएनपीए हा तुमचा रस्ता नव्या विमानतळाला वळसा घालूनच जातो. ड्रायव्हरांना हे एकदा एकत्र बसवून सांगा, आणि त्यांच्या खाजगी वेळेचा माग न ठेवण्याचं वचनही द्या. बहुतेक ब्लॉकर त्या रागातूनच लागतात.

प्रश्न : आपली स्वतःची उपग्रह दिशादर्शन प्रणाली 'नाविक' असताना परकीय जीपीएसची चिंता कशाला? (चरई आणि नेरूळहून आलेली पत्रं)

नाविक हवंच, पण आजच्या स्थितीबद्दल डोळे उघडे ठेवायला हवेत. पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये गेला आणि सातांचा संच एप्रिल २०१६ मध्ये पुरा झाला. त्यानंतर पहिल्याच उपग्रहातली आयात केलेली तिन्ही अणुघड्याळं बंद पडली. ऑगस्ट २०१७ मध्ये त्याच्या जागी पाठवलेल्या उपग्रहाचं उष्णताकवच उघडलं नाही. मे २०२३ च्या एनव्हीएस-०१ वर भारतीय बनावटीचं रुबिडियम घड्याळ आहे, ही मोठी गोष्ट. त्याने एल-१ पट्टाही दिला, ज्यामुळे साध्या फोनच्या चिपना नाविक वापरणं सोपं झालं. पण जानेवारी २०२५ चा एनव्हीएस-०२ झडप न उघडल्याने ठरलेल्या कक्षेत पोहोचला नाही. जुलै २०२५ मध्ये सरकारने लोकसभेत सांगितलं की स्थान आणि वेळ देणारे चारच उपग्रह उरले आहेत. त्रिमितीय स्थान काढायला किमान चारच लागतात. म्हणजे तेव्हा शिल्लक काहीच नव्हतं.

आणि संच पूर्ण झाला तरी एक गोष्ट बदलत नाही. नाविकचे उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटरवर आहेत. त्यांचा संकेतही तितकाच क्षीण, आणि एल-५ व एल-१ हे पट्टे जीपीएसच्याच वारंवारतेवर आहेत. जो जीपीएस दाबेल तो बहुधा नाविकचे हे पट्टेही दाबेल. एस-पट्टा वेगळा आहे, २४९२ मेगाहर्ट्झ, पण तो वायफायच्या पट्ट्याला खेटून आहे. नाविक आपल्याला परावलंबनातून सोडवतं. दुसऱ्या देशाने सेवा बंद केली, संकेत बिघडवला तर सैन्यासाठीची सांकेतिक सेवा आपल्या हातात राहते. जॅमिंगवरचा उपाय मात्र जमिनीवरूनच आला पाहिजे, वेगळ्या वारंवारतेवर आणि प्रचंड ताकदीने.

असा उपाय आपल्याकडे एकेकाळी होता. दीपगृह विभागाची लोरान-सी ही शंभर किलोहर्ट्झची प्रणाली होती. तिच्या मुंबई साखळीची केंद्रं ध्रांगध्रा, वेरावळ आणि बिलिमोरा इथे होती. ती बंद झाली. तिचं सुधारित रूप, ई-लोरान, दक्षिण कोरियाने उत्तरेकडून वारंवार होणाऱ्या जॅमिंगला कंटाळून उभारलं. चीननेही हा मार्ग सोडलेला नाही. पश्चिम किनाऱ्यासाठी भारताने याचा पुन्हा विचार करावा असं आमचं ठाम मत आहे. स्थानाची अचूकता कमी मिळेल, पण वेळ मायक्रोसेकंदाच्या आत मिळेल, आणि तीच सर्वांत महाग गोष्ट आहे. याचं कारण पुढे डेटा सेंटरच्या उत्तरात.

प्रश्न : कारगिलमध्ये अमेरिकेने आपलं जीपीएस बंद केलं होतं, हे खरं का? (एक वाचक, नौपाडा)

'बंद केलं' हे नेमकं नाही. १९९९ मध्ये जगातल्या प्रत्येक नागरी जीपीएसमध्ये अमेरिका मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे स्थान शंभर मीटरपर्यंत हलायचं. मे २००० मध्ये ती बंद झाली. म्हणजे कारगिलच्या डोंगरात तोफखान्याला उपयोगी पडेल असं नागरी जीपीएस तेव्हा कुणालाच मिळत नव्हतं. अचूक सेवा अमेरिकी सैन्य आणि त्यांनी परवानगी दिलेल्यांपुरती होती.

प्रश्न : ठाणे-बेलापूर पट्ट्यात आमचं डेटा सेंटर आहे, शेजारी वीज उपकेंद्रं आणि मोबाइल टॉवर. आमची सगळी घड्याळं छतावरच्या जीपीएस अँटेनावर आहेत. नेमका धोका काय आणि तयारी कशी करायची? (तंत्रज्ञ, महापे)

हा प्रश्न जितका विचारला जायला हवा तितका विचारला जात नाही. उपग्रह दिशादर्शनाचा खरा कणा वेळ आहे. राज्याचं वीज भारप्रेषण केंद्र ऐरोलीला, तुमच्याच रस्त्यावर आहे. ग्रिडवर बसवलेली फेजर मापकं वेगवेगळ्या ठिकाणच्या विद्युतलहरीचा कोन एकाच क्षणी मोजून ताडतात. ५० हर्ट्झला एक मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ०.०१८ अंश, तिचं काही नाही. पण ३२ मायक्रोसेकंद चुकले की मानकाची एक टक्क्याची मर्यादा संपते आणि मापन निरुपयोगी होतं. वाहिनीवरचा बिघाड दोन्ही टोकांच्या वेळेवरून शोधणाऱ्या यंत्रात एक मायक्रोसेकंद म्हणजे १५० मीटर, आणि डोंगरातल्या मनोऱ्यावर हा फरक दुरुस्तीच्या गँगला जाणवतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा वाहिन्या पडून मुंबई-ठाणे अंधारात गेलं. अशा वेळी आधी काय पडलं आणि नंतर काय, हे मिलिसेकंदांच्या नोंदींवरूनच ठरतं. वेळ चुकली तर तपास चुकतो. तिकडे ५-जी टॉवरना प्रमाणवेळेपासून दीड मायक्रोसेकंदाच्या आत राहावं लागतं. तेवढं जमलं नाही तर शेजारच्या टॉवरला त्रास नको म्हणून टॉवर स्वतःच प्रसारण थांबवतो.

अँटेना तोडल्यावर घड्याळ किती वेळ तग धरतं, हा तुमच्या तयारीचा पहिला आकडा. साध्या क्रिस्टलचं घड्याळ काही मिनिटांत मर्यादा सोडतं. तापमान-नियंत्रित ओव्हनमधला चांगला क्रिस्टल काही तास तग धरतो. रुबिडियम एक दिवस किंवा जास्त. कॅटलॉगमधला आकडा स्थिर तापमानाचा असतो. एसी बंद पडलेल्या मे महिन्यातल्या सर्व्हर रूमचा नसतो. म्हणून मोजून पाहा. वर्षातून दोनदा, वापर कमी असताना, सर्वांना आधी कळवून, दोनपैकी एका रिसीव्हरची अँटेना केबल काढा. वीज बंद करू नका, फक्त केबल. अलार्म कुणाच्या फोनवर येतो ते पाहा. अनेक ठिकाणी तो कुणाकडेच जात नाही, हेच पहिल्या सरावात कळतं. २४ तास दुसऱ्या संदर्भाशी फरक नोंदवा. मग केबल लावा आणि वेळ हळूहळू सरकून जुळते की एकदम उडी मारते ते पाहा. उडी मारत असेल तर डेटाबेसच्या नोंदी उलट्या क्रमाने पडू शकतात, ते सेटिंग बदला. खोट्या संकेताची चाचणी करायची झाली तर फक्त बंद, ढाल असलेल्या पेटीत, केबलने. छतावर असा संकेत सोडणं गुन्हा आहे आणि विमानतळ जवळ आहे.

छतावरची कामं साधी आहेत. दोन अँटेना छताच्या दोन टोकांना ठेवा, पण ठाणे-बेलापूर रस्त्याकडच्या कठड्याच्या मागे, थोडे खाली, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या एखाद्या ब्लॉकरपासून भिंतच आडोसा देईल. ३० मीटर चांगल्या जाड केबलमध्ये सुमारे ५ डेसिबल घट आणि १२० नॅनोसेकंद उशीर होतो. हा उशीर रिसीव्हरमध्ये भरायला लोक विसरतात. पावसाळ्यात पाणी कनेक्टरमधूनच शिरतं, तेव्हा स्वतःला चिकटणारी रबरी टेप गुंडाळून केबलला खाली थेंब गळेल असा वळसा द्या. विजेसाठी सर्ज अरेस्टर हवा, आणि तो अँटेनाला लागणारी डीसी जाऊ देणारा हवा. सपाट टोपीवर घारी बसतात, म्हणून निमुळती टोपी घ्या.

रिसीव्हर घेताना बहुवारंवारता, नाविकसह बहुप्रणाली आणि हस्तक्षेप ओळखून अलार्म देणारा घ्या. जीपीएसचा आठवड्यांचा मोजणी-आकडा १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो. ६ एप्रिल २०१९ ला तो आला, पुढचा नोव्हेंबर २०३८ मध्ये. जुन्या फर्मवेअरवर काही यंत्रं त्यामुळे सुमारे साडेएकोणीस वर्षं मागे जातात आणि तारखेसोबत प्रमाणपत्रंही निकामी होतात.

आणि दुसरा स्रोत उपग्रहाचा नको. एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) आदेशानुसार संस्थांना राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा (एनपीएल) किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) सर्व्हरशी वेळ जुळवायची आहेच. ते मिलिसेकंदांच्या कामाला पुरतं. मायक्रोसेकंदांसाठी फायबरवरून पीटीपी, म्हणजे नेटवर्कवरून नेमकी वेळ पाठवण्याची पद्धत, घ्या, आणि पुरवठादाराला विचारा की त्याच्या टोकाला वेळ कुठून येते. त्याच्याही छतावर जीपीएसच असेल, आणि ते छत घणसोलीलाच असेल, तर तुम्ही एकाच गोष्टीचे दोनदा पैसे देताय. भारतीय प्रमाणवेळ एनपीएल आणि इस्रोच्या मदतीने अहमदाबाद, बेंगळुरू, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटी इथल्या प्रयोगशाळांतून देण्याची केंद्राची योजना आहे. ती फायबरने ठाणे-बेलापूर पट्ट्यापर्यंत पोहोचावी यासाठी उद्योजक संघटनांनी आत्ताच मागणी लावून धरावी.

प्रश्न : आमची बोट करंजाहून खोल समुद्रात जाते. प्लॉटर (नकाशावर बोटीचं स्थान दाखवणारा पडदा) बंद पडला किंवा खोटं दाखवू लागला तर परत कसं यायचं? मोठी जहाजं आम्हाला पाहतील का? (तांडेल, करंजा)

मे २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ एक मोठं कंटेनर जहाज रुतलं, आणि जूनमध्ये ओमानच्या आखातात दोन टँकर आदळले. दोन्ही वेळी त्या भागात जीपीएसचा गोंधळ चालू होता. तेव्हा तुमची शंका अगदी रास्त आहे.

होकायंत्र आधी नीट करा. स्पीकर, मोबाइल, व्हीएचएफ रेडिओचा माइक त्याच्यापासून निदान हातभर लांब ठेवा. मुंबईजवळ चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाहूनही कमी फरक आहे, म्हणून काटा चुकतोय तो बोटीच्या लोखंडामुळे आणि इंजिनमुळेच. शांत दिवशी खांदेरीचं दीपगृह आणि प्रोंग्सचं दीपगृह एका रेषेत धरा, नकाशावर त्या रेषेचा कोन मोजा, आणि बोट आठ दिशांना वळवून प्रत्येक वेळी काटा किती चुकतो ते तक्त्यात लिहा. तक्ता चाकाजवळ चिकटवा. इंजिन बदललं की पुन्हा करा.

समुद्रात दर अर्ध्या तासाला वहीत वेळ, दिशा, वेग आणि इको-साउंडरची खोली लिहा. सहा नॉटने दहा मिनिटं म्हणजे एक मैल, हे हिशेबाला सोपं. प्लॉटर खोटं बोलतोय हे याच वहीमुळे कळतं. दहा मिनिटांत तो तुम्हाला पाच मैल हलवत असेल, किंवा तो वीस वाव (एक वाव म्हणजे सहा फूट) सांगतो आणि साउंडर आठ, तर साउंडरवर विश्वास ठेवा. नकाशावरची खोली सर्वांत कमी ओहोटीची असते, त्यात त्या वेळची भरती मिळवून ताडा. उधाणाला आपल्याकडे पाणी चार-पाच मीटर चढउतरतं, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, बरंच कमी. बंदराच्या तोंडाशी उधाणाची ओढ बोटीला बाजूला नेते. किनारा दिसू लागल्यावर एका दीपगृहावर थांबू नका. दोन दीपगृहांच्या रेषा काटकोनाच्या जवळपास छेदतील अशी निवडा.

जहाजांचं म्हणाल तर एआयएस, म्हणजे जहाजाचं स्थान इतरांना कळवणारी यंत्रणा, जीपीएसवरूनच स्थान घेतं, म्हणून गोंधळात त्याचं चित्र चुकू शकतं. रडार चुकत नाही, पण लाकडी आणि फायबरच्या बोटी रडारवर फिक्या दिसतात. कोपऱ्या-कोपऱ्याचा ॲल्युमिनियमचा रडार परावर्तक डोलकाठीवर जितका उंच बांधता येईल तितका बांधा. खर्च थोडा आहे आणि त्याला वीज लागत नाही. सरकारी योजनेतला ट्रान्सपॉन्डर बसवला असेल तर तो चालू ठेवा, पण संकटात तुमचं तोंडी सांगितलेलं स्थानही द्या : 'खांदेरीच्या पश्चिमेला इतके मैल, खोली इतके वाव.' व्हीएचएफ चॅनल १६ वर, किंवा नेटवर्क असेल तर तटरक्षक दलाच्या १५५४ वर. जेएनपीएच्या खाडीमार्गात अशा वेळी जाळं टाकू नका. मोठं जहाज खोल पाण्याची अरुंद वाट सोडून वळू शकत नाही, आणि त्या क्षणी त्याचा कप्तानही तुमच्यासारखाच रडार आणि डोळ्यांवर चाललेला असेल.